वरच्या ओढ्याचा गाळ

गजराबाईंनी मेथीने भरलेली पाटी आणून थेट माझ्या टेबलावर, उघड्या हजेरीपटावरच ठेवली.

"बाई, ही भाजी मी शिजवणार न्हाई."

माझी चौथी सतराचा पाढा म्हणत होती. मुलं मध्येच थांबली आणि आमच्याकडे बघायला लागली.

"का? किडली आहे का?"

"किडली असती तर निवडून शिजवली असती. किडासुदिक लागंना हिला, त्येच मला बरं वाटंना."

मुलं हसली, मीही हसले. गजराबाई हसल्या नाहीत. त्या आमच्या शाळेत अकरा वर्षं दुपारचं जेवण करत होत्या आणि एवढ्या काळात त्यांनी कधी वर्गात पाऊल टाकलेलं मला आठवत नव्हतं. त्या दिवशी आल्या. जाताना हळूच म्हणाल्या, "मधल्या सुट्टीत सातव्या वाफ्यापाशी या. एकट्या या."

कुरणवाडीची शाळा गावाबाहेर माळावर होती. जमीन सगळी मुरमाची, पहार मारली तर ठिणगी उडायची. मुलांच्या ताटात रोज काहीतरी हिरवं यावं म्हणून मी तिथे गादीवाफे केले होते. जुन्या कोठीची भिंत पाडली, तिच्या विटा रचून गुडघाभर उंचीचे अकरा वाफे बांधले. बारा फूट लांब, चार फूट रुंद, म्हणजे मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मधोमध पोचावा. तळाला उसाचं पाचट आणि कडुलिंबाचा पाला, त्यावर शेणखत, वर गाळाची माती. गाळ आणला होता गजराबाईंच्या नवऱ्याने, हणमंतदादांनी. मे महिन्याच्या उन्हात त्यांनी ट्रॅक्टरच्या अकरा ट्रॉल्या माळावर चढवल्या, शाळेचं काम म्हणून.

पावसाळ्यात बरेचसे वाफे पिवळे पडले. एका कृषी सहायकांनी चुना टाकायला सांगितला, तो टाकला. मग मी युरिया दिला. हिवाळ्यात मेथी अशी तरारली, की रस्त्याने जाणारे सायकली थांबवून बघायचे. तालुक्यातल्या शाळांच्या परसबागांची स्पर्धा होती, आणि गुरुवारी समिती आमची बाग पाहायला येणार होती. गजराबाई पाटी घेऊन आल्या तो सोमवार होता.

मधल्या सुट्टीत मी सातव्या वाफ्यापाशी गेले. त्यांनी खुरप्याने हातभर माती उकरून ठेवली होती. आतून त्यांनी एक काडी ओढून काढली. तिच्यावर कडुलिंबाची पानं होती. रंग उडालेली, पण अख्खी. शिरासुद्धा मोजता आल्या असत्या.

"मे महिन्यात घातलेला पाला न्हवं ह्यो?"

"हो."

"उकिरड्यावर टाकला असता तर दिवाळीपतूर माती झाला असता. पावसाळा गेला त्याच्यावरनं. कुजला न्हाई, बुरशी न्हाई, एक गांडूळ न्हाई, मुंगी न्हाई. ह्या मातीत काय जगंना बाई. मंग त्यातलं आपुन पोरांच्या पोटात कसं घालायचं?"

मग त्या मला दुसऱ्या वाफ्याकडे घेऊन गेल्या आणि तिथे खुरपं घातलं. पाला कुठेच नव्हता, काळी भुसभुशीत माती होती, आणि तिच्यात दोन लालसर गांडुळं आळोखेपिळोखे देत होती.

"एकपासनं चारपतूर नीट हाय. पाचपासनं म्होरं समदं मेलेलं हाय."

"पाणी जास्त झालं असेल," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, खुरपं विटेवर ठोकून माती झाडली. "पाणी तुमीच घालता, समद्यास्नी सारकंच."

"गुरुवार होऊन जाऊ दे गजराबाई. शुक्रवारी मी माती तपासायला घेऊन जाते."

"गुरवारी पोरांस्नी काय वाढायचं?"

"मेथीची डाळभाजी ठरलीय. धोत्रे सरांनी पाहुण्यांना कळवलंय."

"पयल्या चार वाफ्यांत वांगी हायती. वांग्याची करा."

"बघू," मी म्हणाले.

गुरुवारी गजराबाई आल्या नाहीत. ताप आहे असा निरोप आला. स्वयंपाक त्यांच्या मदतनीस शकुंतलाबाईंनी केला. मेथी कुणीतरी उपटायला हवी होती. ती सकाळी आठ वाजता मी उपटली. वर पानं हिरवीगार होती, खाली मुळ्या तपकिरी, आखूड, जळल्यासारख्या. मुळ्या मी तिथेच कापून टाकल्या आणि पानं धुऊन दिली, तीन पाण्यांनी.

पाहुणे खूश झाले. ताटावर बसलेल्या मुलांचे फोटो काढले. चौऱ्याऐंशी मुलांनी डाळभाजी खाल्ली, मीही खाल्ली. संध्याकाळी निकाल कळला. आमचा पहिला नंबर. मुख्याध्यापक धोत्रे सरांनी ढाल ऑफिसातल्या कपाटावर ठेवली, पुसली, पुन्हा थोडी सरळ केली. ते मे महिन्यात निवृत्त होणार होते. एवढ्या नोकरीत शाळेला मिळालेली ही पहिलीच ढाल होती.

शुक्रवारी मी रजा टाकली आणि तीन वाफ्यांतली माती पिशव्यांत भरून एसटीने शहरात नेली. प्रयोगशाळेतल्या माणसाने फॉर्म पुढे केला.

"काय बघायचं? नत्र, स्फुरद, पालाश?"

"ते बघा. आणि शिसं बघा."

त्याने मान वर केली. "शिसंच का?"

"असंच," मी म्हणाले. "मुलं खातात ना."

अहवाल यायला अठरा दिवस लागले. तेवढ्या दिवसांत वाफ्यांतली एक काडीही स्वयंपाकघरात गेली नाही. भाजीवर औषध मारलंय, असं मी मुलांना सांगितलं. गजराबाई साधी डाळ करत होत्या. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. रोज दुपारी भांडी घासून झाली की त्या पाचव्या वाफ्याच्या विटेवर दोन मिनिटं बसायच्या आणि मग घरी जायच्या.

अहवाल धोत्रे सरांच्या नावाने आला. त्यांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. दुसऱ्या वाफ्यातली माती ठीक होती. पाचव्या आणि सातव्यातल्या मातीत शिसं मर्यादेच्या कितीतरी पट होतं.

"साबळेबाई," ते म्हणाले, "आता कुणी खात नाही ना त्यातलं?"

"नाही सर."

"मग सुट्टीत माती बदलून टाकू. गाजावाजा कशाला? लोक उगाच घाबरतील. आणि तुमचं वय लहान आहे, पुढे नोकरी आहे."

गजराबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी कप ठेवले.

"पोरांनी दोन महिनं खाल्लंय सर. त्यांच्या आईबापास्नी ठावं नगं?"

कपावर साय धरेपर्यंत सर खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग त्यांनी वही ओढली आणि स्वतःच्या हाताने सभेची सूचना लिहिली. शनिवार, सकाळी नऊ. चांगला माणूस होता. त्यांना थोडा वेळ लागला, एवढंच.

शनिवारी व्हरांड्यात साठ-सत्तर माणसं जमली. बरेच जण काम सोडून आले होते. सरांनी काहीही न लपवता अहवाल वाचून दाखवला. शिशाने लहान मुलांना काय होऊ शकतं, तेही सांगितलं. आधी कुणालाच नीट कळलं नाही. मग एकदम सगळ्यांना कळलं. बायका आपापल्या मुलांना जवळ ओढून घ्यायला लागल्या.

"गाळ कुणी आणला?" मागून आवाज आला.

हणमंतदादा खांबाजवळून उठले. टोपी हातात घेतली. "म्या."

"कुठनं?"

"चार ट्रॉल्या गावतळ्यातनं. बाकीच्या वरच्या ओढ्यातनं."

व्हरांड्यात कुजबुज सुरू झाली. वरच्या ओढ्याकाठी दोन वर्षांपासून एक पत्र्याचं शेड होतं. बाहेरची माणसं तिथे जुन्या बॅटऱ्या आणून फोडायची आणि आतलं शिसं वितळवायची. त्या धुतलेलं पाणी ओढ्यात जायचं. गुरं तिकडे पाण्यावर जात नाहीत, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

"म्हाईत असून आणलास?"

हणमंतदादा गप्प.

शेलार नावाचा एक गवंडी होता. त्याच्या जुळ्या मुली दुसरीत होत्या. तो लोकांतून वाट काढत पुढे आला आणि त्याने हणमंतदादांची कॉलर धरली. "बोल की! तोंड शिवलंय काय? आमच्या पोरी मरतील तवा बोलणार हायस?"

हणमंतदादा तरीही गप्प. हात खाली सोडलेले, टोपी मुठीत. गजराबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या ना रडत होत्या, ना नवऱ्याला सोडवायला उठत होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत राग नव्हता. नुसत्या बघत होत्या.

एक गोष्ट मी इथपर्यंत सांगितलेली नाही.

मे महिन्यात चार वाफे भरून झाले तेव्हा गावतळ्यातला गाळ संपला. दुसऱ्या दिवशी हणमंतदादा पाचव्या वाफ्याची ट्रॉली घेऊन आले. मी तिथे एकटीच होते. त्यांनी ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरले आणि मूठभर गाळ माझ्यापुढे धरला.

"बाई, ह्यो वरच्या ओढ्यातला हाय. बॅटरीच्या पाण्यावानी वास मारतोय. ओतू का परत न्यू? परत न्यायचा तर दुसरीकडं बघाया धा-पंधरा दिस जातील."

मी वास घेतला. आंबट, नाकात चढणारा. ते शेड मला माहीत होतं. पण शाळा उघडायला जेमतेम पंधरा दिवस होते. पावसाच्या आत वाफे भरून बी पडलं नसतं तर ते वर्ष हातचं गेलं असतं. गावात दोघातिघांनी मला तोंडावर सांगितलं होतं की बाई, माळावर काही उगवायचं नाही. मला ते उगवून दाखवायचं होतं.

"उन्हात तापला की वास जाईल," मी म्हणाले. "ओता."

त्यांनी ओतला. आणखी सहा ट्रॉल्या आणल्या, त्याही ओतल्या. पुन्हा विचारलं नाही.

मी उभी राहिले. टेबलाची कड धरली.

"शेलारदादा, त्यांना सोडा. त्यांनी मला विचारलं होतं."

कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा, मोठ्याने बोलले. मेमध्ये काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. ते काय म्हणाले, मी काय म्हणाले. शेलारचा हात कॉलरवरून निघाला, पण तो तिथेच उभा राहिला.

"म्हंजी तुमीच ओता म्हनला?"

"हो."

"आन् पावने आल्ते त्या दिवशी? माझ्या पोरी सांगत हुत्या, बाईंनी सोता मेथी उपटली."

हे मी सांगितलं नसतं तरी चाललं असतं. कुणाला कळलं नसतं.

"त्याच्या तीन दिवस आधी गजराबाईंनी मला माती उकरून दाखवली होती. वांग्याची भाजी करा म्हणाल्या होत्या. मला खात्री नव्हती, पण माहीत होतं."

कुणी ओरडलं नाही. त्याची मला जास्त भीती वाटली. एक म्हातारी उठली, नातवाचं मनगट धरलं आणि पायऱ्या उतरून गेली. तिच्यामागे आणखी चार-पाच जण गेले. धोत्रे सरांनी मला खाली बसायला सांगितलं. गजराबाईंनी आता माझ्यावरची नजर काढली होती. त्या नवऱ्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण फरशीवर शोधत होत्या.

पुढच्या आठवड्यात सगळ्या मुलांचं रक्त तपासलं. सगळे मिळून एसटी करून गेलो. जाताना माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. दोन मुलांच्या रक्तात शिसं जरा जास्त निघालं. एक शेलारची मुलगी, एक पाचवीतला मुलगा. डॉक्टरांनी दूध, गूळ, नाचणी असं भरपूर खायला सांगितलं आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं. ते सहा महिने मी दर रविवारी शेलारच्या घरी गेले. पहिल्या दोन रविवारी त्याने दार उघडलं नाही. तिसऱ्या रविवारी त्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या बाहेर आणून ठेवला. सहा महिन्यांनी दोन्ही मुलांचं शिसं उतरलं होतं. त्या दिवशी मी शाळेच्या मागे जाऊन एकटी रडले.

ढाल आम्ही परत केली. माझी चौकशी झाली, सेवापुस्तकात शेरा बसला. ओढ्यावरचं शेड गावाने एकत्र जाऊन बंद करायला लावलं. माझी बदली मागावी असं काही पालकांचं म्हणणं होतं. दुसऱ्या सभेत शेलारच म्हणाला, "बाई शिकवतात चांगलं. ऱ्हाऊ द्या. फकस्त बागंचा कारभार गजराकाकूंच्या हातात द्या." तसा ठराव झाला.

म्हणून त्यानंतर मी गजराबाईंच्या हाताखाली काम केलं. सात वाफ्यांतली माती शेवटच्या ढेकळापर्यंत काढली, माळाच्या टोकाला पक्का खड्डा करून त्यात पुरली, वर काँक्रीट टाकलं. विटा घासून काढल्या. हणमंतदादांनी स्वतःच्या रानातली पोयट्याची माती आणली. एकदा फावडं चालवताना मी त्यांना विचारलं, "त्या दिवशी तुम्ही गप्प का राहिलात?"

"ट्रॉली माझ्या हातानं ओतली हुती बाई. इचारलं हुतं म्हनून हात सुटतोय व्हय?"

मग आम्ही माती करायला घेतली. ती करावी लागते, हे मी तोपर्यंत नुसतं वाचलं होतं. शेणखत, पाचट, चुलीतली थोडी राख. पहिल्या पावसाळ्यात गजराबाईंनी वाफ्यांत फक्त ताग पेरू दिला. कमरेएवढा वाढला, फुलावर आला, तसा कापून तिथेच गाडला. मी म्हणाले, आता मेथी टाकू. त्यांनी मातीत हात घातला, वास घेतला. "अजून न्हाई." हिवाळ्यात चवळी केली, तीही गाडली. उन्हाळ्यात वर पाचट अंथरून वाफे नुसते झाकून ठेवले. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा ताग. मी पंधरा-पंधरा दिवसांनी विचारायची, त्या मातीत हात घालायच्या आणि नाही म्हणायच्या. त्याच पावसाळ्यात मला मुलगी झाली. रजेवरून परत आले तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, "आता टाका मेथी."

महिन्याभरात मेथी काढणीला आली. आधीच्यासारखी तरारलेली नव्हती. पानं लहान, काहींना नाग अळीच्या रेघा. मी माती आणि भाजी दोन्ही तपासून आणली. अहवाल स्वच्छ होता. मी तो नाचवतच स्वयंपाकघरात गेले.

"उद्या करू या डाळभाजी."

"आठ दिस थांबा."

"का? अहवाल आलाय ना."

"आला आसंल. आठ दिस थांबा."

कारभार त्यांचा होता. मी थांबले, पण मनातून चिडले होते. एवढं करून या बाईचा अजून माझ्यावर विश्वास नाही, असं वाटत राहिलं. आणि का असावा, असंही वाटत राहिलं.

नवव्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकात हणमंतदादा भेटले. गजराबाईंना सोडायला आले होते.

"बाई, आज तरी शाळंत मेथी शिजवा बगा," ते म्हणाले. "दोनी टायमाला मेथी खाऊन तोंड कडू झालं माजं. हिनं घरात आठ दिस दुसरं कायबी केलं न्हाई. रोज हितनं जुडी आणायची आन् दोगांनी खायची. वर इचारायची, पोटात कसं वाटतंय."

मी स्वयंपाकघरात गेले. गजराबाई मेथी निवडत होत्या.

"गजराबाई, मला का नाही सांगितलंत? मीही खाल्ली असती."

"म्हनून तर न्हाई सांगितलं." त्यांनी काड्या एका बाजूला सारल्या. "तुमची पोर अंगावर पिती अजून."

दुपारी पंगत बसली तेव्हा मी टोकाला जाऊन बसले. त्या पातेलं घेऊन एकेका मुलाला वाढत आल्या. शेलारच्या दोन्ही मुलींना वाढलं. माझ्यापाशी येऊन थांबल्या, पळी पातेल्यातच ठेवून.

"घेता का?"

मी ताट पुढे केलं.